सोमवारचा पिवळा दिवा

चौबे कॉलोनी, रायपूर
४ ऑगस्ट २००६

ती. गंगाधरदादास,

नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा कागदावरच मानून घे. सोबत राखी आहे. रमावहिनीला म्हणावं, माझ्या नावानं घट्ट बांध, नाहीतर हा मामेभाऊ दुपारपर्यंत सोडून ठेवतो.

जन्मभर टेलिफोनच्या कचेरीत बसून लोकांची बोलणी जोडून दिली, आणि आता तुझ्याशी बोलायचं तर पोस्टाची पेटी गाठावी लागते. कानाला यंत्र लाव म्हणून किती सांगितलं! पण असू दे. फोनवर तू नुसता “हो हो” करतोस, पत्राला निदान उत्तर तरी देतोस.

बातमी अशी की मी गाडी घेतली. चारचाकी. हसू नकोस. निवृत्त झाल्यावर रीतसर शिकले. शिकवणारा म्हणायचा, “दीदी, क्लच से इतना प्यार मत करो.” गाडी जुनी आहे, आधी शंकरनगरातल्या एका हौशी माणसाकडे होती. त्यानं दारांवर आगीच्या ज्वाळा रंगवल्यात, रुंद चाकं लावलीत, आणि सायलेन्सर असा बसवलाय की गाडी सुरू केली की शेजारच्या सरलाची मांजर भिंतीवर चढते. लोक वळून बघतात आणि आतून नऊवारी नसली तरी पाचवारीतली, चष्म्याची बाई उतरते.

गाडी घेतली ती ह्यांच्यासाठी. मालगाडी चालवून चालवून ह्यांच्या पाठीचं भुस्कट झालं हे तुला ठाऊक आहेच. ऑटोचे धक्के सोसत नाहीत, म्हणून व्हरांडा सोडत नाहीत. गोदावरीवन्सं ब्राह्मणपाऱ्यात, आम्ही चौबे कॉलोनीत, एका गावात; पण वन्संना आता उंबरा ओलांडवत नाही आणि ह्यांना रस्ता. दोन भाऊबीजा तशाच गेल्या. दर सोमवारी मी डबा घेऊन जाते तेव्हा वन्सं एकच विचारतात, “पांडू काहून नाही आला?” यंदाच्या भाऊबीजेला ह्यांना माझ्या गाडीतून बहिणीच्या दारात उतरवायचं, असं मी ठरवलंय. दादा, मनापासून ठरवलंय.

हे म्हणाले, “आधी तू एकटी ब्राह्मणपाऱ्याला जाऊन ये. मग बसतो.” मी सोमवारी गेले. परत आले तर हे चक्क बूट घालून फाटकात उभे! पण परतीच्या वाटेवर स्टिअरिंगमागे एक पिवळा दिवा लागला होता, इंजिनाच्या चित्राचा. ह्यांनी खिडकीतून वाकून पाहिलं. “सिग्नल पिवळा आहे,” म्हणाले आणि घरात जाऊन बूट काढले. मी म्हटलं, अहो, हा सिग्नल नाही, नुसता दिवा आहे. तर म्हणे, “दिवा कोणी उगाच नाही लावत.”

गाडी छान पळते. आवाज नाही, म्हणजे आहे, पण तो पहिल्यापासूनचा. मग दिवा कशाचा? तू बसडेपोच्या वर्कशॉपात फोरमन होतास. सांग.

तुझी,
पद्मा


अमरावती
१२ ऑगस्ट

चि. पद्मीस अनेक आशीर्वाद.

राखी पोचली. तीन दिवस झाले, अजून हातात आहे, हे वहिनीच्या साक्षीनं लिहितो.

चारचाकी घेतलीस, वा! आमच्या घराण्यात बैलगाडीनंतर तूच. घेण्याआधी मला विचारायचं होतंस, पण तू लग्नातही साडी घेऊन झाल्यावरच रंग विचारायचीस.

आता दिव्याचं. तीस वर्षं बसच्या पोटाखाली झोपून काढलीत मी, तू काळजी करू नको. असल्या दिव्याला काही अर्थ नसतो. तीनपैकी एक गोष्ट. एक तर प्लग काळे पडले असतील, ते बदल. नाहीतर पेट्रोल भेसळीचं, पंप बदल. आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट लागत नसेल तर तेही बघ, नव्या गाड्या तेवढ्यावरूनही रुसतात म्हणे. ब्राह्मणपाऱ्याच्या वाटेला खड्डे असतील तर एखादी तार हलत असेल, तीही दाबून घे.

पांडुरंगरावांना माझा निरोप दे. पिवळा म्हणजे थांबा नव्हे, पिवळा म्हणजे जपून चला. एवढं तर आम्हा रस्त्यावरच्या लोकांनाही कळतं.

गंगाधर


रायपूर
२३ ऑगस्ट

ती. दादास नमस्कार.

प्लग बदलले. पंप बदलला. झाकण नवं आणलं आणि इतकं घट्ट लावलं की पंपावरच्या माणसाला दोन हातांनी उघडावं लागलं. मग आमचा मिस्त्री तुळशीराम ह्यानं त्याची मशीन जोडून दिवा पुसून दिला. “हव दीदी, बुता गे बत्ती!” विझला बघ. शनिवारी विझला, रविवारी विझलेलाच. हे व्हरांड्यातून बघत होते. मी म्हटलं, बसता का? म्हणाले, “उद्या तू जाऊन ये. मग पाहू.”

सोमवारी गेले. वन्संना डबा दिला, पाय चेपले, निघाले. आझाद चौकाच्या अलीकडे टप् करून दिवा लागला. दादा, मला रडूच आलं. सिग्नलला थांबून डोळे पुसत होते, तर मागचे सगळे हॉर्न मारायला लागले. राजधानी झाल्यापासून गावात लाल दिव्याच्या गाड्या इतक्या झाल्यात की माझ्या पिवळ्याला कोण विचारतो!

तुझा निरोप दिला ह्यांना. पेपर खाली न ठेवता म्हणाले, “पिवळा दिसला की पुढचा लाल आहे असं समजून गाडी आवरायची असते. बसवाल्यानं मले शिकवू नये म्हणावं.”

तुळशीरामनं दुसरा उपाय सांगितला होता, दिव्यावर काळी टेप लावायचा. मी लावलीही. लाज वाटते, पण लावली. हे आले, वाकले, नखानं टेप काढली आणि माझ्या हातावर ठेवली. “सिग्नलवर फडकं टाकलं म्हणून लाइन क्लिअर होत नसते.” रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. दिवा पुसून घेतल्यावर भाजीला गेले, गोल बाजारात भांडी घ्यायला गेले, स्टेशनला जाऊन आले, तर दिवा लागत नाही. वन्संकडे जाऊन आले की हमखास लागतो. सरला म्हणते, नणंदेची नजर. वन्संची नजर आता समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा ओळखत नाही, ती गाडीला काय लागणार! पण दुसरं काही सुचतही नाही. आता गणपती येतील, मग दसरा, मग दिवाळी. दिवस पळताहेत.

पद्मा


अमरावती
३ सप्टेंबर

चि. पद्मीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि गप्प बसलो. रमानं पाटीवर लिहिलं, “काहून चूप बसले? येत नाही म्हणून लिहून टाका नं सरळ.” तर लिहितो. आमच्या काळच्या गाड्यांना असले दिवे नव्हते. बिघाड झाला की गाडी आपणहून थांबायची आणि आम्हाला कळायचं. मी तुला जे लिहिलं ते बसच्या हिशेबानं लिहिलं.

पण हार मानली नाही. माझ्या हाताखाली काम केलेला दिवाकर आता बडनेऱ्याच्या रस्त्यावर स्वतःचं गॅरेज चालवतो. त्याच्याकडे जाऊन बसलो. तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहितो आणि मी वाचतो, त्यामुळे गॅरेजातले बाकीचे लोक आम्हाला वेडे समजतात. त्यानं सांगितलं की ह्या गाड्यांच्या इंजिनात जागोजागी सेन्सर असतात. एखादा चुकीचं सांगू लागला की दिवा लागतो. दिवा पुसला म्हणजे तक्रार पुसली, कारण तसंच राहिलं. आणि पहिला प्रश्न त्यानं विचारला तो असा, की आधीच्या मालकानं आत काय बदललं आहे? बाहेर ज्वाळा रंगवणारा माणूस आत गप्प बसला असेल का?

तेव्हा इंजिन थंड असताना बॉनेट उघड. काय वेगळं दिसतं ते लिही. चित्र काढलंस तरी चालेल. आणि मशीनवर तुळशीरामला काय दिसतं तेही विचार.

नणंदेचं म्हणशील तर गाडीला नजर लागत नाही. लागत असती तर तीस वर्षांत आमच्या डेपोतली एकही बस बाहेर पडली नसती.

गंगाधर


रायपूर
१० सप्टेंबर

ती. दादास नमस्कार.

गणपती नीट झाले. आरतीला हे उभे राहिले, तेवढंच.

बॉनेट उघडलं. बाकी सगळं काळं आणि कळकट, पण एका कोपऱ्यात एक चकचकीत वस्तू आहे. खाली रुंद, वर निमुळती, जाळीची, टोकाला स्टीलची टोपी. आमच्या देवघरातल्या पिंडीला स्टीलनं मढवलं तर अशी दिसेल. चित्र मागे काढलंय. तुळशीराम म्हणतो हे इंजिनाचं नाक आहे, गाडी इथून श्वास घेते. एरवी त्यावर बंद डबा असतो, तो त्या हौशी माणसानं काढून हे उघडं नाक बसवलं, म्हणजे गाडी जोरात गरजते. मशीनवर त्याला “हवा का गड़बड़” दिसतं. त्यावर तो म्हणाला, उरला-सिलतराकडच्या कारखान्यांची धूळ आहे दीदी, सगळ्यांच्याच गाडीत जाते.

धूळ आहे खरी. पण दादा, कारखान्यांची धूळ काळी असते. वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज झटकते मी. ही पिवळसर आहे, मधेमधे लालसर, आणि त्या नळीच्या सांध्यात चिकटून बसलीय. ब्राह्मणपाऱ्याकडची मातीच वेगळी असेल. तू वर्कशॉपातला माणूस, तुला बघून कळेल, म्हणून चमच्याच्या टोकानं खरवडून पुडीत बांधून पाठवते. पोस्टमास्तर विचारत होते यात काय आहे. मी म्हटलं, धूळ. त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि शिक्का मारला.

ह्यांचं काय सांगू. गाडीकडे बघतही नाहीत. मी सोमवारी निघताना पेपरात डोकं. परत आले की मात्र आधी दिव्याकडे बघायला येतात आणि जातात. कधी कधी वाटतं, ह्यांना ती गाडी आवडलेलीच नाही. दिवा म्हणजे निमित्त. मोठमोठी इंजिनं हाकलेल्या माणसाला बायकोच्या शेजारी, ज्वाळा रंगवलेल्या डबड्यात बसायचं, ते कसं आवडावं? तसं असेल तर मी विकून टाकीन. फक्त ह्यांनी तोंडानं सांगावं. वन्संना काय सांगायचं ते मी बघेन.

पद्मा


अमरावती
१७ सप्टेंबर

चि. पद्मे,

आशीर्वाद नंतर. आधी हे वाच.

तुझी पुडी दिवाकरच्या गॅरेजात न्यायची म्हणून मी टेबलावर उघडून भिंग शोधत होतो. रमा चहा घेऊन आली. तिनं पुडीत बोट घातलं, नाकाशी नेलं आणि इतक्या जोरात हसली की ते मलाही ऐकू आलं. मी विचारलं काय झालं, तर तिनं बोट स्वतःच्या कपाळाला लावून दाखवलं. मग पाटीवर लिहिलं: “अवो, हे तं हळद-कुंकू आहे!” मी भिंगातून पाहिलं. पुडीत दोन अक्षताही निघाल्या. मोडलेल्या, पण तांदूळच.

तेव्हा बाईसाहेब, आपल्या इंजिनाची कोणीतरी यथासांग पूजा करतं आहे. आणि पाणीही शिंपडतं आहे, कारण कोरडी हळद अशी चिकटत नाही. दिवाकर म्हणतो त्या उघड्या नाकाच्या मागे केसासारखी बारीक तार असते, ती आत जाणारी हवा मोजते. नाक बसवणाऱ्यानं सांधा नीट आवळलेला नाही. त्या फटीतून ओली हळद आत गेली, तारेवर बसली, की ती खोटं माप सांगते. दिवा लागणारच. खड्डे नाहीत, पेट्रोल नाही, वन्सं तर मुळीच नाहीत. वन्संकडे जायच्या आधी पूजा होत असणार, आणि तेवढ्या फेरीत ती हळद आत ओढली जाते.

आता खरं सांग, ही भक्ती तुझीच ना? पिंडीसारखं दिसतं असं तूच लिहिलंस. गाडी आली तेव्हा श्रावणी सोमवार चालू होते, तुला राहवलं नसेल. तुझ्या स्वभावाला शोभतं ते. चौथीत असताना तू शाळेच्या घंटेलाही फूल वाहिलं होतंस.

पण तू नसशील तर बघ, कोण आहे ते. येत्या सोमवारी निघायच्या आधी डोळे उघडे ठेव.

गंगाधर


रायपूर
२६ सप्टेंबर

ती. दादास,

मी नाही. देवाशपथ मी नाही. गाडी आणली त्या दिवशी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, तेवढंच. तुझं पत्र वाचून आधी कांताबाईवर संशय घेतला, ती भांडी घासता घासता कशालाही हात जोडते. तिला विचारलं तर म्हणाली, “मेरे को वो ढक्कन खोलना कहाँ आता है?” तेही खरं.

काल सोमवार. मी रोजच्यासारखी न्हाणीघरात गेले, नळ सोडला, बादली भरायला लावली आणि ओल्या पायानं मागच्या दारानं स्वयंपाकघरात आले. तिथल्या खिडकीतून गाडी दिसते.

हे आले. अंघोळ झालेली, अंगात सदरा, कमरेला धुतलेलं धोतर, हातात देवघरातलं पंचपात्र आणि तबक. पाठीत वाकता येत नाही ह्यांना, तरी बॉनेट उघडलं आणि दांडी लावली. आधी तेलाची कांडी काढून पुसली, पाहिली, परत घातली. पाणी पाहिलं. चारी चाकांना पायानं ठोकून फेरी मारली. असिस्टंट ड्रायव्हर असल्यापासून इंजिन ताब्यात घेताना करत असतील तसं सगळं. मग त्या चकचकीत नाकावर पळीनं पाणी सोडलं, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि जास्वंदीचं फूल टोपीवर ठेवलं. हात जोडले. खिडकी उघडी होती, म्हणून मला ऐकू आलं. म्हणाले, “तिले नीट घेऊन जाय, अन नीट घेऊन ये.”

मग फूल काढून घेतलं, खिशात घातलं, बॉनेट लावलं आणि व्हरांड्यात जाऊन पेपर उघडला.

दादा, मी तिथेच पाटावर बसून राहिले. बादली भरून वाहत राहिली. मला वाटत होतं ह्यांना गाडी आवडत नाही. छत्तीस वर्षं हे ड्यूटीवर निघाले की मी देवापुढे हेच म्हणत आले, नीट घेऊन जा आणि नीट घेऊन ये. ते ह्यांना कधी ऐकू गेलं असेल असं मला वाटलं नव्हतं. आता मी निघते आणि हे म्हणतात.

शनिवारी तुळशीरामनं पुन्हा पुसून दिला होता, तरी काल परत येताना दिवा लागलाच. हे बघायला आले, मान हलवली. आणि मी दिव्याकडे पाहून हसले, तर ह्यांना काही कळेना.

आता मला सांग, करू काय? “तुमच्या पूजेनं दिवा लागतो” असं कोणत्या तोंडानं सांगू? हे खजील होतील. पुन्हा बॉनेटला हात लावणार नाहीत, पूजा सोडतील, गाडीही सोडतील. आणि नाही सांगितलं तर दिवा लागत राहील आणि हे बसणार नाहीत. भाऊबीज चोवीस ऑक्टोबरला आहे. तू डोकं चालव. माझं चालत नाही, नुसते डोळे भरतात.

पद्मा


अमरावती
४ ऑक्टोबर

चि. पद्मीस,

दसऱ्याचं सोनं पाकिटात आहे.

तुझं पत्र रमाला वाचायला दिलं, ती आत निघून गेली. मग येऊन तिनं पाटीवर लिहिलं, “त्या माणसाचं मन दुखलं तर तुमचं जेवण बंद.” तेव्हा मी डोकं चालवलं आहे. सोबतचं बंद पाकीट पांडुरंगरावांना दे. तू वाचू नको. ते काही म्हणाले तर वाद न घालता “हो” म्हण. एवढं आयुष्यात एकदा कर.

तुळशीरामला सांग, ती तार तिच्यासाठी जो फवारा मिळतो त्यानंच धुवायची, फडक्यानं पुसायची नाही. आणि तो जुना बंद डबा कुठून तरी मिळवून बसवायचा. गाडी गरजायची थांबेल. सरलाच्या मांजरीला बरं वाटेल.

गंगाधर

(बंद पाकिटातलं पत्र)

श्री. पांडुरंगरावांस सप्रेम नमस्कार.

आपण इंजिनातले, मी चाकातला. तरी एका यंत्रवाल्यानं दुसऱ्याला लिहावं अशी वेळ आली आहे. आमच्या पद्माच्या गाडीचा दिवा का लागतो ते मला सापडलं. इंजिनाच्या उघड्या नाकावर हळद-कुंकू आणि पाणी पडतं, ते आत जातं. मला खात्री आहे की हे काम पद्माचंच आहे. लहानपणापासून तिला जिथे तिथे पूजा करायची सवय.

तिला हे सांगायची माझी छाती नाही. पूजा बंद कर म्हटलं तर ती मनाला लावून घेईल, आणि बंद करावी असं मलाही वाटत नाही. यंत्राला हात जोडल्याशिवाय ते बाहेर काढू नये, हे आपण दोघेही जाणतो. फक्त जागा चुकली आहे. आपल्या शेडमध्ये दसऱ्याला इंजिनाच्या समोर, दिव्याखाली पूजा होत असे ना? श्वास घ्यायच्या जागी नव्हे. तेव्हा आपण वडीलकीनं, तिला वाईट वाटणार नाही अशा रीतीनं, जागा समजावून सांगावी ही विनंती. आपलं ती ऐकते.

आपला,
गंगाधर


रायपूर
२६ ऑक्टोबर

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. या वेळी खरा घातला, उठताना कांताबाईनं हात दिला.

तुझं पाकीट मी ह्यांना दिलं त्या संध्याकाळी हे फार वेळ व्हरांड्यात बसले होते. पत्र वाचलं, घडी केली, पुन्हा उघडलं. मग मला हाक मारली. घसा साफ केला. “पद्मा, तू इंजिनावर हळद-कुंकू वाहतेस काय?”

तू काय लिहिलं असशील ते मला तेव्हा कळलं. दादा, इतकं गोड खोटं तू कुठे शिकलास? मी मान खाली घातली आणि म्हटलं, “हो.”

हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “वाईट नको वाटून घेऊ. पूजा चांगलीच असते. पण जागा चुकली नं. समोर करायची, दिव्याखाली.” मी म्हटलं, “मला नाही जमणार समोरची. तुम्ही दाखवाल?” म्हणाले, “दाखवतो.” आणि घाईघाईनं पेपर उघडला. पेपर उलटा होता.

तुळशीरामनं तार धुतली, डबा बसवला. गाडी आता इतकी सभ्य बोलते की ज्वाळांना लाज वाटत असेल. पुढच्या सोमवारी आम्ही दोघांनी मिळून नंबरपाटीच्या वर, दोन दिव्यांच्या मधे पूजा केली. मी तबक धरलं, ह्यांनी वाहिलं. वन्संकडे जाऊन आले. दिवा लागला नाही. त्यानंतरच्या सोमवारीही नाही. हे दोन्ही वेळा फाटकात उभे होते आणि दोन्ही वेळा दिव्याकडे बघून आत गेले.

भाऊबीजेला सकाळी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. बूट घातले. वन्संसाठी घेतलेली साडी स्वतः पिशवीत ठेवली. गाडीत बसले, पाठीमागे उशी घेतली, पट्टा लावला. मी किल्ली फिरवली. आणि दादा, सगळे दिवे लागले, त्यात तो पिवळाही. किल्ली फिरवली की ते क्षणभर लागतातच, मला ठाऊक आहे, तरी माझा हात थांबला. हे म्हणाले, “थांबली काहून? दिवे तपासून राहिली गाडी. सुरू कर.” इंजिन सुरू झालं. दिवा विझला.

तेवढ्यात ह्यांनी पट्टा काढला आणि दार उघडून उतरले. संपलं, असं मला वाटलं. हे सावकाश, पाठीला हात लावत, गाडीसमोर गेले. बॉनेटवर तळहात ठेवला. काच खाली होती. म्हणाले, “आम्हाले नीट घेऊन जाय, अन नीट घेऊन ये.” आणि येऊन बसले.

ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत गाडी शिरत नाही, तोंडाशी लावली. ह्यांना मी हात धरून नेलं. वन्सं दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर ताम्हण. दिसत नाही म्हणून ह्यांच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ शोधलं आणि कुंकू लावलं ते नाकापर्यंत आलं. ह्यांनी पुसलं नाही. दोघंही रडली, मग भांडली. वन्सं म्हणाल्या, दोन वर्षं काहून नाही आला. हे म्हणाले, लाइन क्लिअर नव्हती. अनारसे खाल्ले, दुपारी तिथेच आडवे झाले. वन्संनी मला हळूच विचारलं, कोणाच्या गाडीनं आणलं? ह्यांनी झोपेतून उत्तर दिलं, “आपल्या.”

आणि तुला गंमत सांगते. जाताना आझाद चौकात सिग्नलला थांबलो. हे सरळ बसले आणि मोठ्यानं म्हणाले, “लाल!” मी दचकले. म्हटलं, दिसतोय मला. तर म्हणे, “दिसून उपयोग नाही. असिस्टंटनं सिग्नल सांगायचा असतो अन ड्रायव्हरनं परत म्हणायचा असतो. तवाच दोघाले दिसला असं होते.” छत्तीस वर्षं ज्यांनी गाडी हाकली, ते माझे असिस्टंट झाले होते, आणि मला आपले शब्द शिकवत होते. शेजारच्या ऑटोतली माणसं बघायला लागली. मी म्हटलं, “लाल.”

ह्यांच्या मांडीवर साडीची पिशवी, नजर समोर.

“हिरवा,” हे म्हणाले.

“हिरवा,” मी म्हटलं आणि गाडी सोडली.

तुझी,
पद्मा